गणपती झाल्यावर बघू

गाठ नारळाएवढी आहे, असं कुणी म्हटलं की साखळकर मॅडम शांतपणे विचारायच्या, "सोललेला की सोडणासकट?" मोठमोठे सर्जन फोनवर 'सोललेला' म्हणायचे. मग मॅडम म्हणायच्या, "फळं बाजारात. मला सेंटिमीटर सांगा."

रत्नागिरीत त्यांची पॅथॉलॉजी लॅब होती आणि मी तिथे टेक्निशियन. ऑपरेशन करून काढलेली गर्भाशयं, अंडाशयं बरण्यांतून आमच्याकडे तपासायला यायची. मॅडम बरणी खिडकीच्या उजेडात धरायच्या आणि चिडायच्या, "एवढी होईपर्यंत काय करत होतीस?" हे गाठीला की त्या बाईला, ते कळत नसे.

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईला त्या एकाच सुरात म्हणायच्या, "भात घ्या थोडा. पाळी गेल्यावर पुन्हा कधी रक्त दिसलं का?" पुढे पुढे त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. "बरं झालं, ऐसपैस बसता येतं," एवढंच म्हणाल्या.

गणपती गेले की लॅबमध्ये बरण्यांची रांग लागायची. "पूर्वी गर्भाशयाच्या मुखाचे कॅन्सर जास्त यायचे, आता आतल्या अस्तराचेही यायला लागलेत," मॅडम म्हणायच्या. "गाठी बदलल्या, उशीर तेवढा तोच." आमच्याकडे दुखणं कसलंही असो, ते गणपती झाल्यावर बघायचं असतं.

पावसला राहणाऱ्या माझ्या वहिनीनंही तेच केलं. पाळी जाऊन वर्षं लोटली होती, तिला पुन्हा रक्त जायला लागलं आणि ती ते लपवत राहिली. मला कळलं तेव्हा म्हणाली, "वन्सं, गणपती होऊंदे. विटाळ हाय ह्या कळला तर नैवेद्य करील कोण?" दादा मुंबईला, घरात बाईमाणूस ती एकटीच. मी मॅडमना सांगितलं, गणपतीनंतर तिला घेऊन येते. त्यांनी मायक्रोस्कोप झाकला आणि स्कूटरची किल्ली घेतली.

पावसला पोचल्यावर पाणीसुद्धा न घेता त्यांनी वहिनीचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नैवेद्य मी करते. चला."

कॅन्सर निघाला. मी लॅबच्या मागे जाऊन रडले. चतुर्थीच्या आधी ऑपरेशन झालं आणि त्याचा रिपोर्ट मॅडमनी स्वतः वाचून दाखवला. "अस्तरातच होता. कडा मोकळ्या आहेत, म्हणजे सगळा निघाला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता उकड कशी काढतात ते सांग."

चतुर्थीला त्या खरोखर आल्या. गर्भाशयाचे एकसारखे काप करणारी ही बाई, पण तिच्या हातची पारी भाकरीएवढी जाड. निम्मे मोदक उकडताना फुटले. मॅडमनी झाकण काढून निदान केलं, "कडा मोकळ्या नाहीत." मुंबईहून आलेल्या दादानं ते मुकाट्यानं खाल्ले. खाटेवरची वहिनी टाके धरून हसत होती.

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. लॅबमध्येच, खुर्चीत बसल्या बसल्या. मला अजून बरणी खिडकीशी धरवत नाही.

यंदा गणपतीच्या तोंडावर पावसला गेले होते. शेजारची सुमन मोदकपात्र मागायला आली. ते तिच्या हातात देता देता वहिनीनं विचारलं, "पाळी गेल्यावर परत कधी रक्त दिसला काय गो?"

सुमन मोदकपात्र पदरानं पुसत राहिली. मग हळूच म्हणाली, "गणपती होऊंदे, मग बघू."

वहिनीनं मोदकपात्र तिच्या हातातून काढून घेतलं.

"उद्या वन्संबरोबर रत्नागिरीला जा. तुझ्या घरचा नैवेद्य मी करतंय."