खंडेनवमीचं कपाट

बाटलीचं बूच काढायचं, बाटली नाकापासून हातभर लांब धरायची आणि दुसऱ्या हाताने वारा घातल्यासारखा वास आपल्याकडे बोलवायचा. मग शेजारच्या काकूंचा निकाल यायचा, "हे गेलं. उचला."

ही विद्या मूळची काकांची. ते दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या प्रयोगशाळेत होते. काका ती बारुदावर चालवत, काकू ती रांझीतल्या आमच्या फॅक्टरी-क्वार्टरांवर.

खंडेनवमीला तुम्हीही हत्यारं पुजत असाल. आमच्या ओळीत पाना-हातोडीशेजारी औषधाचं कपाटही पाटावर रिकामं व्हायचं. जे चांगलं, त्याला कुंकू. बाकी सगळं परसातल्या खड्ड्यात. गोळी पिवळी पडली, मलमातून पाणी सुटलं, तारीख उलटली, डोळ्यांचं औषध उघडून महिना झाला, की खड्डा. दवाखान्यातली बिननावाची पुडी दिसली की, "नाव नाही त्याला घरात ठाव नाही!"

एका वर्षी लढाई तोंडावर होती. ओव्हरटाइमने आम्ही पिचलो होतो आणि माझ्यासारख्या एकट्याचं लग्न जमवायचं काकूंनी मनावर घेतलं होतं. नवमीला माझ्या ट्रंकेतून निळ्या काचेच्या बरणीतली, तोंडाला लावायची स्नो निघाली. मामाने स्वतःच्या लग्नासाठी घेतलेली.

"काहून ठेवली रे ही? मामाचे पोरं मॅट्रिकले आले!"

बरणी खड्ड्यात गेली. पण दिसायला इतकी राजबिंडी, की काकूंची पाठ वळताच मी ती हळूच खिशात घातली.

पुढच्या रविवारी शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात मुलगी पाहायला गेलो. काकू बसने, मी सायकलने. चेहऱ्यावर मामाची स्नो, दोन थर. पोचेपर्यंत गाल आगीसारखे चुरचुरू लागले. मुलगी पोहे घेऊन आली, तेव्हा मी शेंदूर फासलेला मारुती झालो होतो, आणि वास खवट तेलाचा.

मुलीच्या वडिलांनी खुर्ची मागे सरकवली. "मुलाला हे... नेहमी होतं का जी?"

झालं, म्हटलं, मोडलं! मला ती मुलगी तोवर फार आवडून गेली होती.

समोरून काकूंनी हाताने वारा घातला, डोळे मिटले आणि उघडले. "निळी बरणी! खड्ड्यातून उचलली ना रे?"

मी मान खाली घातली. काकूंनी मला दंडाला धरून अंगणातल्या नळावर नेलं आणि लहान पोरासारखं बेसनाने तोंड धुतलं. मुलगी दारात पदर तोंडात कोंबून उभी.

"लाली उतरेपर्यंत बस गुमान," म्हणत काकू आत वळल्या आणि यजमानांना म्हणाल्या, "चलो, तोवर तुमचं कपाट दाखवा."

अर्ध्या तासात मुलीच्या वडिलांच्या खोकल्याच्या चार बाटल्या, आजोबांचं मलम आणि एक दंतमंजन अंगणात येऊन पडलं. "यापेक्षा आमचा मुलगा बरा. ह्याचं नुसतं वरून बिघडलं होतं."

वडील आधी ओशाळले, मग खदखदून हसले. होकार तिथेच मिळाला.

काका निवृत्त झाले आणि दोघं नागपूरला गेली. काकूंची पत्रं येत, नवमीच्या आधी हमखास. मग तीही थांबली. पण आमच्या घरी खंडेनवमीला कपाट अजून रिकामं होतं. खड्डा भरला, की बायको माझ्यापासून हातभर लांब उभी राहते आणि माझ्या टकलावरून वारा घालते.

"चालंल अजून," म्हणते, आणि कुंकू लावते.