गुडगावातला आमचा बार

सोफा आणला तेव्हा काहीच घडलं नाही. कलर टीव्ही आणला, वॉशिंग मशीन आणलं, तेव्हा शेजारी बघून गेले, चहा पिऊन गेले, संपलं. पण घरात बार आणला आणि किस्स्यांची रीघ लागली. आजही आमची जुनी मंडळी जमली की कुणीतरी म्हणतं, "ते गुडगावचं सांग ना," आणि मग एकातून दुसरा निघत जातो. मी स्वतः आयुष्यात थेंबही घेतलेला नाही, हे आधीच सांगते. मी शाळेत केमिस्ट्री शिकवायचे आणि बाटल्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. त्यामुळे मला सगळं अगदी शुद्धीत आठवतं!

नव्वदचं दशक होतं. माझा नवरा मोहन गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होता. परदेशी कंपन्यांना एकाएकी भारताचा पत्ता सापडला होता, त्यामुळे दर महिन्याला कुणी ना कुणी साहेब फॅक्टरी बघायला यायचा. आम्ही गुडगावात नवाकोरा फ्लॅट घेतला होता. लिफ्ट होती, इंटरकॉम होता आणि बाल्कनीतून सरळ सरसोंचं, म्हणजे मोहरीचं, शेत दिसायचं. आसपास एकही धड हॉटेल नव्हतं. म्हणून पाहुणा आला की जेवायला आमच्याकडे.

* * *

पहिला पाहुणा जर्मन. घरात तेव्हा एकच परदेशी बाटली होती. मोहनच्या दुबईतल्या मावसभावाने सहा वर्षांपूर्वी दिलेली. इतकी चांगली वस्तू अशीतशी कशी उघडायची, म्हणून ती माझ्या लोखंडी कपाटात पैठणीखाली निजली होती. लग्नात आलेले काचेचे ग्लासही तिथेच, साड्यांच्या मागे.

मोहनने मोठ्या थाटात बाटली उघडली, ग्लास भरला. साहेबांनी तो नाकाशी नेला आणि तिथेच थांबले. पुन्हा वास घेतला. मग अत्यंत अदबीने म्हणाले की आपण पुष्कळ व्हिस्की प्यायलो, पण हा सुगंध पहिल्यांदाच भेटतोय.

मोहनची छाती फुगली. मी रिकामा ग्लास आत नेताना सहज हुंगला. डांबराच्या गोळ्या! सहा वर्षं त्या ग्लासांत मुरल्या होत्या.

साहेबांनी जाताना व्हिस्कीचं नाव विचारून डायरीत लिहून घेतलं.

* * *

त्या दिवशी मोहनने ठरवलं, बार करायचा तर नीट करायचा. आमच्या खालच्या मजल्यावर फिलिप राहायचा. मूळचा वसईचा, दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलात बार सांभाळायचा. त्याला बोलावलं. तो रविवारी सकाळी चर्चमधून थेट आला, आमचा हॉल बघितला आणि म्हणाला, बार बाटल्यांनी होत नाही. आधी ग्लास आणा, बर्फाची सोय करा, लिंबं ताजी ठेवा. बाटल्या मोजक्या, पण एकेक अशी हवी की पाहुण्याने लेबल बघून खुर्ची पुढे ओढावी. एक ब्लेंडेड स्कॉच, एक सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीत बनलेली उंची व्हिस्की, एक जिन, एक व्होडका, एक काळी रम, एक ब्रँडी. बाकीचं हळूहळू.

मी सगळं वहीत उतरवून घेतलं. मग परदेशी जाणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाच्या खिशात चिठ्ठी जाऊ लागली. विमानतळावरच्या ड्यूटी-फ्री दुकानातून एकाने जिन आणली, दुसऱ्याने ब्रँडी. आम्हाला काय हुरूप आला होता! फोन वाजला की मोहन ओरडायचा, "लंडनहून कोण येतंय?"

माल्टची चिठ्ठी साठेच्या मेहुण्याकडे गेली. साठे म्हणजे मोहनचा ऑफिसातला मित्र, जन्म करोल बागेतला, मराठी बोलताना मध्येच हिंदीत शिरणारा. मेहुणा सिंगापूरहून आला, त्याला घ्यायला मोहन, मी, साठे, फिलिप असे चौघं विमानतळावर. त्याने बॅगेतून कपड्यांत गुंडाळलेला डबा काढून मोहनच्या हातात ठेवला. मुलांना दुधातून देतात ती माल्टची पावडर!

साठेने कपाळाला हात लावला. मेहुणा जरा रागावलाच. म्हणाला, "चिठ्ठीत सिंगल लिहिलं होतं. नाहीतर मी दोन आणत होतो."

* * *

बर्फाचंही सांगते, छोटंसंच आहे. गुडगावात तेव्हा दिवसाचे आठ-आठ तास वीज नसायची. एकदा संध्याकाळी बारा पाहुणे यायचे होते आणि फ्रिजमध्ये पाण्याचे ट्रे तसेच. मोहन बर्फाच्या फॅक्टरीतून पोत्यात गुंडाळलेली अख्खी लादी घेऊन आला. ठेवायची कुठे? बिल्डरने आमच्या बाथरूममध्ये मोठ्या हौसेने बाथटब बसवून दिला होता. नळाला पाणीच नसायचं, त्यामुळे तो कोराच पडून होता. लादी टबात आडवी झाली. फिलिप काठावर बसून छिन्नीने खडे पाडत होता आणि पाहुणे रांगेने ग्लास घेऊन बाथरूममध्ये.

एका पाहुण्यांच्या बायकोने मला विचारलं, "दिल्ली में ऐसा ही होता है क्या?" मी म्हटलं, बिल्कुल.

* * *

एकदा मोहनला घाई होती. त्याचे बॉस जेवायला येणार होते, माल्ट संपली होती आणि परदेशातून कुणी येणार नव्हतं. ऑफिसातल्या कुणीतरी एका माणसाचा नंबर दिला, जो "फॉरेनचा माल" घरपोच द्यायचा. बाटली आली. खोका, सील, सगळं झकास. बॉस खूश झाले. दोन ग्लास घेऊन म्हणाले, जीभ तयार असली की खरा माल लगेच कळतो.

दुसऱ्या दिवशी उरलेली बाटली आत ठेवताना मला शंका आली. फिलिपने मला एक युक्ती शिकवली होती. दोन थेंब तळहातावर घ्यायचे, हात चोळायचे आणि कोरडे झाले की वास घ्यायचा. चांगल्या व्हिस्कीचा मागे धान्याचा वास राहतो. मी चोळले. हाताला नानकटाईचा वास. जळक्या साखरेचा रंग आणि व्हॅनिला इसेन्स, माझ्या स्वयंपाकघरात असतं तेच!

फिलिपने वास घेतला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही हॉटेलात नोकरीला या." मग त्यानेच सांगितलं की रद्दीवाले रिकाम्या बाटल्या खोक्यांसकट विकतात आणि त्याच पुन्हा भरल्या जातात. त्यानंतर आम्ही त्या वाटेला गेलो नाही. शिवाय मी नियमच केला, रिकामी बाटली देण्याआधी लेबल चाकूने खरवडायचं. आमच्या रद्दीवाल्याला त्याचं फार वाईट वाटलं. अशी एक बाटली हातात फिरवत तो मला म्हणाला, "मैडम, आपने तो इसकी इज़्ज़त ही उतार दी।"

बॉसना आम्ही कधीच सांगितलं नाही.

* * *

माझे सासरे, आप्पा, वाईहून यायचं कळलं तेव्हा मोहनचं अवसान गळालं. आप्पा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले आणि तरुणपणी गावोगाव दारूबंदीची भाषणं केलेले. मोहनने बारच्या कपाटावर चादर टाकली आणि वर फुलदाणी ठेवली. आप्पांनी दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी नाश्त्याला म्हणाले, "चादरीखाली कोण आजारी आहे?"

मीच चादर काढली. मोहन उभा, चाळिशीचा माणूस, कान लाल. आप्पांनी चष्मा लावला आणि एकेक बाटली उचलून लेबल वाचायला सुरुवात केली. स्कॉटलंडची बेटं, नद्या, गावं. मला म्हणाले, "सुलभा, अॅटलास आण." दुपारभर दोघं बापलेक जमिनीवर नकाशा पसरून बसले. आप्पांनी स्पष्ट सांगितलं की मला हे पटत नाही, पण घरात वस्तू आहे तर ती कुठून येते हे तरी माहीत हवं.

त्याच आठवड्यात एक स्कॉटिश साहेब आले, आमच्या ब्रेकची तपासणी करायला. फार कडक माणूस, फॅक्टरीत दोन दिवस कुणाशी धड बोलला नव्हता. त्याचा अहवाल वाईट गेला असता तर मोठी ऑर्डर हातची जात होती. मोहन तणावात. जेवणाआधी आप्पा साहेबांसमोर बसले आणि आपल्या पुस्तकी इंग्रजीत विचारू लागले. तुमच्याकडे पाऊस किती? दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर जव सुकवतात, तर ती माती खणतात कोणत्या महिन्यात?

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. त्यांचे वडील तीच माती खणायचे. मग काय, साहेब दोन तास बोलत होते! कागदी रुमालावर त्यांनी आपल्या बेटाचा नकाशा काढला, त्यात स्वतःचं घर दाखवलं. निघताना आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला. मोहनला वाटलं, झालं आपलं काम.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आमचे दोन लॉट नापास केले. मोहन तोंड पाडून घरी आला. आप्पा म्हणाले, "बरोबर आहे. शिस्तीचा माणूस दिसला मला."

ऑर्डर पुढे मिळाली, पण ते दोन लॉट परत बनवल्यावर.

* * *

बार भरत भरत अकरा बाटल्यांवर आला, एकसे एक, आणि हरियाणात दारूबंदी आली. गुडगाव हरियाणात! तारीख जाहीर झाली होती. विकायच्या कुणाला, ओतायच्या कशा? मोहन तर जेवेना. शेवटी साठे म्हणाला, "यार, करोल बाग दिल्लीत आहे. माईच्या खोलीत ठेवू."

माई म्हणजे साठेची आई. ऐंशीच्या घरातल्या, नऊवारी, सकाळची पूजा झाल्याशिवाय पाणीही न घेणाऱ्या. पण त्यांची मागची खोली घरात सगळ्यांत थंड होती, लोणच्याच्या बरण्या तिथेच असायच्या. फिलिपने बाटल्या तान्ह्या बाळांसारख्या दुपट्यांत गुंडाळल्या. माईंना सांगितलं की कंपनीची औषधं आहेत. त्यांनी एक बाटली हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाल्या, औषधं असतील तर उन्हापासून लांब ठेवायला हवीत. आणि बरण्या सरकवून जागा केली.

पावणेदोन वर्षं आमचा बार करोल बागेत होता. पाहुणा आला की त्याला गाडीत घालून तिकडे. कपड्यांची दुकानं, मोटारींचे सुटे भाग, त्या गर्दीतून साहेब लोक अरुंद जिना चढायचे आणि माईंच्या दिवाणावर बसून थालीपीठ खायचे. एखादी बाटली संपली की तिच्या जागी नवी यायची, आकडा अकराच. चावी माईंच्या कमरेला. माणशी दोन ग्लास, तिसरा नाही, हा त्यांचा कायदा.

एकदा जपानहून डायरेक्टर आले. दुसऱ्या दिवशी कराराच्या सह्या व्हायच्या होत्या. दोन ग्लास झाले, मंडळी रंगात आली आणि त्यांनी ग्लास पुढे केला. मोहनने माईंकडे केविलवाणं बघितलं. माई दारातूनच म्हणाल्या, "पुरे."

मराठीत, एवढंच. डायरेक्टर उभे राहिले, माईंना कमरेतून वाकून नमस्कार केला आणि ग्लास पालथा ठेवला. सह्या वेळेवर झाल्या. पुढची कितीतरी वर्षं जपानहून येणारा प्रत्येक माणूस आधी विचारायचा, मदर कशा आहेत?

* * *

मग बंदी उठली. शनिवारी मुख्य कंपनीचे चेअरमन यायचे होते आणि त्यांच्यासाठी एक खास बाटली राखलेली होती. पंचवीस वर्षं मुरलेली माल्ट. मोहनने ती लंडनच्या दुकानात तीन चकरा मारून घेतली होती आणि कधीच उघडली नव्हती. शनिवारी आम्ही चेअरमनना अखेर काळी रम दिली आणि ती त्यांनी दोनदा मागितली, पण ते राहू दे. सांगायचं आहे ते त्याआधीच्या गुरुवारचं.

गुरुवारी दुपारी मोहन, मी, फिलिप असे तिघं बाटल्या आणायला करोल बागेत गेलो. साठे घरीच होता. बरण्यांच्या मागे बाटल्या ओळीने, पुसून लख्ख. मी मोजल्या, दहा. पुन्हा मोजल्या. नेमकी तीच नव्हती.

मोहनने बरण्यांच्या मागे हात घालून चाचपलं. माई शांतपणे म्हणाल्या, "ती खालच्या चढ्ढांना दिली."

साठेला हे बाटलीपेक्षा मोठं आश्चर्य. जिन्यातल्या पाण्याच्या टाकीवरून माई आणि खालचे म्हातारे चढ्ढा तीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. माईंनी सांगितलं, थंडीत चढ्ढांनी अंथरूण धरलं. खाणं बंद केलं, डॉक्टरांनी मान हलवली. एक दिवस त्यांची सून वर आली. म्हणाली, बाबूजी दोन वर्षं जिन्यात वास घेताहेत, लाहोरच्या घरच्या आठवणी काढताहेत, वर विचारायची मात्र लाज वाटते.

माई बाटली घेऊन स्वतः खाली उतरल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"पण हीच का?" मोहनने विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता त्याचा.

"सगळ्यांत चांगली हीच, असं तूच म्हणायचास. जाणाऱ्या माणसाला दुसरी देतात का?"

मी हळूच विचारलं, चढ्ढा कधी गेले. माईंनी खिडकीकडे बोट केलं. खाली उन्हात खुर्ची टाकून चढ्ढा वर्तमानपत्र वाचत बसले होते. मोहन बराच वेळ खिडकीतून त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला, थांबेचना. आम्ही सगळेच हसलो.

माईंनी पदर सारखा केला. "चढ्ढा नुसतीच घोटणार होते," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, थांबा, आधी दोन थेंब पाणी घाला. नाहीतर नुसता धूर लागतो. पाणी पडलं की मागून मधाची चव येते."

फिलिपने हातातली बाटली हळूच खाली ठेवली.

माई चहा टाकायला उठल्या.