कसरीला सुतक नसतं

अक्का गेल्याचं मला हॉस्टेलच्या फोनवर कळलं. अप्पा अळणावरच्या बूथवरून बोलत होते. "अक्का गेली... पेपर असंल तर देऊन ये," एवढंच म्हणाले. पेपर नव्हता. धारवाडहून मिळेल ती बस धरून मी गावी पोचले. अक्का म्हणजे अप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आलेली आणि घरातल्या लहानथोरांची अक्काच. तिच्याविषयी मला लिहिता येईल का, असं बरेच दिवस वाटत राहिलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पण लिहायला दुसरं कुणी नाही, म्हणून लिहिते.

आमची मेंढरं होती. आजोबा थकले आणि राखणारं कुणी उरलं नाही, म्हणून ती विकायचं ठरलं. त्याआधीच कातरलेली शेवटची काळी लोकर मात्र अक्कानं मागून घेतली. "हिची घोंगडी होणार. सूत मीच कातणार," म्हणाली. तिचे हात तेव्हाही थरथरायचे. टकळीवर दिवसाकाठी थोडंच सूत निघायचं. म्हणजे लोकर कितीतरी वर्षं टिकायला हवी होती. आमच्याकडच्या पावसात भिंतींनाही बुरशी येते आणि त्याहून वाईट ती कसर. दडपून ठेवलेल्या लोकरीत हा किडा अंधारात अंडी घालतो, आणि कळतं तेव्हा हातात भुसा येतो.

अक्कानं लोकर धुऊन, कडकडीत वाळवून जुन्या धोतरात सैल बांधली. आत निरगुडीचा वाळलेला पाला घातला आणि गाठोडं आढ्याला टांगलं. अमावास्येला आमच्याकडे टकळी फिरवत नाहीत. तोच तिचा लोकर उन्हात घालायचा दिवस. आजोबांच्या सुतकातच अमावास्या आली तेव्हाही ती गाठोडं घेऊन अंगणात निघाली. काकांनी अडवलं, "अक्का, सुतक हाय की."

"सुतक आपल्याला. कसरीला कुठलं सुतक?" असं म्हणून ती लोकर झटकत बसली.

एका पावसाळ्यात ऊनच पडलं नाही आणि कसर लागली. अक्कानं पुंजका पुंजका वेगळा करून पाहिला, लागलेली लोकर चुलीत घातली, धोतर उकळून काढलं. मला रडू येत होतं. "रडालीस कशाला? तिनं खाल्ली ती तिची. उरली ती माझी." पुढं मी हुबळीला कोप्पीकर रोडवरून डांबरगोळ्या आणल्या. त्या तिनं हुंगल्या आणि स्वतःच्या ट्रंकेत टाकल्या. "लुगड्याला बरा हाय वास. घोंगडी घेऊन तू निजणार, तुला कशाला हा?"

घोंगडी माझ्यासाठी होती, हे मला तेव्हा कळलं...

ती गेली तेव्हा निम्म्याहून जास्त लोकर कातायची राहिली होती. आणि सुतकात पुन्हा अमावास्या आली. आभाळ बऱ्याच दिवसांनी उघडलं होतं. मी आढ्याकडे पाहत होते. आई म्हणाली, "आज राहू दे ग. दिवस होऊ देत, मग बघू." काकाही बसले होते. मोठ्यांपुढं बोलायची मला सवय नाही. तरीही "कसरीला कुठलं सुतक?" मी म्हटलं. मग अप्पा उठले, त्यांनी गाठोडं खाली उतरवलं आणि माझ्या हातात दिलं.

लोकर चांगली होती. अंगणात पसरून मी ती झटकली, उलटली, दुपारभर राखत बसले.

आता ते गाठोडं हॉस्टेलच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं आहे. अमावास्येला मी ते गच्चीवर नेते. मैत्रिणी हसतात, "तुझं मेंढरू आलं का चरून?" आणि पसरायला हातही लावतात. बाकीच्या दिवशी अभ्यास झाला की टकळी घेते. माझं सूत जाड निघतं, मधेच तुटतं. मी पुन्हा जोडते. टकळीवर आत अक्काचं सूत आहे, बारीक, एकसारखं. त्याच्याच टोकाला जोडून वर माझं चढतं आहे. घोंगडी होणार.