कोरड्या बावखलाचा पंचनामा

मी तलाठी असताना गावात माझ्या शब्दाला वजन होतं. ते वजन माझं नसून माझ्या काखेतल्या दप्तराचं होतं, हे कळायला मला फार वेळ लागला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वसईच्या पश्चिम पट्ट्यातली, पापडीहून सायकलने वीसेक मिनिटांवरची तीन गावं माझ्याकडे होती. मी मूळचा तिथलाच, शेजारच्या गावातला, केळीच्या वाडीत वाढलेला. त्यामुळे लोक मला साहेब म्हणत नसत. भाऊ म्हणत, ओटीवर बसवत आणि आधी पाण्याचं भांडं पुढे करत.

ते पाणी गोड असायचं. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी विहिरी गोड, कारण वाडीवाडीत बावखलं होती. बावखल म्हणजे पूर्वजांनी खणलेलं तळं. पावसाळ्यात ते काठोकाठ भरतं, ते पाणी जमिनीत मुरतं आणि खारं पाणी लांब राहतं. आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही. बावखलात पोहायला शिकता शिकता आपोआप कळतं.

वैशाखात बावखलातलं पाणी गुडघ्यापर्यंत आलं की वाडीतली सगळी घरं एक दिवस ठरवून ते उपसून काढतात. मासे वाटून घेतात, तळाचा गाळ टोपल्यांनी वर आणतात आणि केळीच्या, पानवेलीच्या बुडाशी घालतात. मग पाऊस येईपर्यंत तळ उन्हात तडकत पडतो. म्हणजे वर्षातले काही दिवस बावखल कोरडं ठणठणीत असतं, आणि ते लोकांनीच मुद्दाम केलेलं असतं.

हे सगळं मी आमच्या सर्कलसाहेबांना मोठ्या हौसेने सांगितलं. सर्कल म्हणजे तलाठ्याच्या डोक्यावरचा अधिकारी. आमचे साहेब घाटावरचे, बोलायला लाघवी. माझ्या लग्नात भरपेट जेवून गेलेले. चहा पिता पिता मी म्हणालो, "शनिवारी मी नाही हां साहेब, आमच्याकडे बावखल उपसायचंय." कुठलं, कधी, किती घरं जमतात, सगळं विचारून घेतलं त्यांनी. मला वाटलं, माणसाला आमच्या गावाचं कौतुक आहे. मूर्खपणालाही काही मर्यादा असावी, पण माझ्या मूर्खपणाला नव्हती.

सोमवारी सकाळीच त्यांची स्कूटर माझ्या चावडीपुढे उभी राहिली. "कागद घे. पंचनामा करायचाय."

आम्ही त्याच बावखलावर गेलो. लगतची वाडी मुंबईच्या एका बिल्डरने घेतली होती, ते मला माहीत होतं. बावखलाची जागा सरकारी. इथे एक निरुपयोगी खड्डा आहे, डास होतात, तो बुजवायची परवानगी द्यावी, असा त्याचा अर्ज होता, ते मला तिथे काठावर कळलं.

"काय दिसतंय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, परवाच उपसलंय. पावसात इथे माणूस बुडेल एवढं पाणी असतं."

"पावसातलं पावसात लिहू. आज पाणी आहे का?"

"नाही."

"मग मी तुला खोटं काय लिहायला सांगतोय?"

मग त्यांनी अगदी घरच्यासारखी चौकशी केली. बाळ किती महिन्यांचं झालं? बायको इथल्याच शाळेत ना? लांब डोंगरात, मोखाड्याकडे तलाठ्याची जागा रिकामी आहे म्हणे. तिला तिकडे बदली मिळेलच असं नाही. एवढं बोलून ते फणसाच्या सावलीत जाऊन उभे राहिले.

मी घाबरलो, हे सरळ सांगतो. इतकी वर्षं मी त्याला व्यवहार म्हटलं, संसार म्हटलं. पण ती भीती होती.

मी लिहिलं, "सदर खड्ड्यात पाणी आढळून आले नाही. तळ कोरडा व भेगाळलेला आहे." इथपर्यंत खरं होतं. पुढे लिहिलं, "खड्ड्याचा कोणताही वापर होत असल्याचे दिसून येत नाही." लिहिताना समोर तळात टोपल्यांचे गोल ठसे दिसत होते, वाळलेल्या चिखलात शेकडो पावलं उमटलेली होती. त्यातली काही माझी होती. शनिवारी मीही गाळ वाहिला होता, आणि माझ्या वाट्याचे मासे घरी नेले होते.

पंच म्हणून काठावरच्या घरातल्या म्हाताऱ्याला बोलावलं. त्याची विहीर बावखलाला अगदी लागून. भात, केळी, थोडी पानवेल, सगळं त्या विहिरीवर. माझ्या वडिलांचा तो दोस्त. बनियनला हात पुसत आला.

"बाबा, वाचून दाखवतो," मी म्हणालो.

"तू लिवलंस ना? मग वाचाचा कशाला?" त्याने अंगठा पुढे केला.

मी वाचू शकलो असतो. चार ओळी होत्या. वाचल्या असत्या तर त्याने अंगठा दिला नसता, वाडी गोळा केली असती. साहेब सावलीतून बघत होते. मी त्याचा अंगठा शाईवर टेकवला आणि वर नेहमीचं वाक्य लिहिलं, "मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर आहे."

पावसाआधीच मुरमाचे ट्रक लागले. वाडीतली माणसं माझ्याकडेच तक्रार घेऊन आली. मी ती रीतसर घेतली आणि वर पाठवली. वरून त्यांना त्यांच्याच पंचाचा अंगठा दाखवण्यात आला. तरी म्हाताऱ्याने मला कधी दोष दिला नाही. भाऊला साहेबाने फसवलं, असं तो सगळ्यांना सांगायचा. ते ऐकून मला त्याच्या घरासमोरून जायचं नको व्हायचं.

दोन-तीन वर्षांनी पीकपाहणीसाठी जावंच लागलं. बावखलाच्या जागी चार मजले उभे होते. सर्कलसाहेब निवृत्त होऊन आपल्या गावी गेले होते. म्हाताऱ्याने ओटीवर बसवलं, नेहमीसारखं पाणी दिलं. मी एक घोट घेतला आणि तोंडातच धरून राहिलो. पाणी मचूळ होतं, मिठाचं.

"सून म्हनते, विहीर खारट झाली," तो म्हणाला. "मी बोललो, माझ्या बापाची विहीर ती, खारट कशी होईल? पन मला आता चवच कलत नाय. तू सांग. तू खरा काय ते सांगशील."

मी भांडं रिकामं केलं.

"गोड आहे, बाबा."

"ऐकलास?" त्याने आत हाक मारली. "भाऊ पन सांगतो, पानी गोड हाय!" आणि खुशीत कळशी उचलून तो पानवेलीला पाणी घालायला गेला. वेलीची पानं कडेने करपली होती.

सून बाहेर आली. तिने माझ्या हातातलं भांडं घेतलं, त्यात डोकावून बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.