शेवंतीच्या हातची अळंबी

दुपारची भांडी तशीच टाकून प्रमिला चुलीपाशी लवंडते. डोळे मिटतात, पण नवऱ्याचं वाक्य काही मिटत नाही. "बरी झाली हा. पण शेवंतीच्या हातची अळमी म्हणजे..." आणि तो आढ्याकडे बघतो, जणू शेवंती तिथं ताट घेऊन बसली आहे.

शेवंती म्हणजे त्याची पहिली बायको. ती तापात गेली आणि तिच्या जागी प्रमिला आली. तेव्हापासून प्रमिलेनं काय कमी केलंय? गोठ्यात पेंढ्याच्या पिशव्या टांगून धिंगरी अळंबी पिकवली, तिची भजी केली. बाजारातली पांढरी बटण अळंबी आणून रस्सा केला. आज तर वारुळावरची रानातली अळंबी चिखल तुडवत आणली आणि भाजक्या खोबऱ्या-कांद्याचं वाटप, फणसाच्या आठळ्या घालून शिजवली. पठ्ठ्यानं तीनदा वाढून घेतली आणि वर शेवंतीचं नाव! मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय. प्रमिलेला तिचा मत्सर वाटतो, आणि जिवंत बाईचा वाटावा तसा वाटतो.

चुलीची ऊब पाठीला लागते. पाटावर कुणीतरी बसलेलं आहे. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. भिंतीवरच्या फोटोत आहे तशीच.

"इलंस?" प्रमिला विचारते. आश्चर्य वाटत नाही, राग मात्र येतो. "बरा झाला. सांग, काय घालीस तू तेंत?"

"खयच्यात?"

"अळम्यांत. जेंची ह्ये अजून आरती करतत."

शेवंती हसत नाही. "आधी माका वाढ. भूक लागली हा."

प्रमिला टोपातली उरलेली अळंबी वाढते. वाढता वाढता दोघी गोठ्यात आहेत. पिशव्या आंब्याच्या फांद्यांना लोंबताहेत, धिंगरीचे करडे पंखे भराभर उमलताहेत. शेवंती एक घास खाते, मग दुसरा. बोटं चाटते आणि तिचा चेहरा उतरतो.

"रोज अशी खातो तो?"

"खातो. आणि नाव तुझा घेतो."

आता गोठा नाही, एसटीचा थांबा आहे. शेवंतीच्या मांडीवर कागदात बांधलेलं पुडकं आहे, त्यातून धुरकट वास येतो.

"श्रावणात तो घरात कधी होतो गो?" शेवंती म्हणते. "तेव्हा मुंबयच्या गोदीत कामाक, रजा मे म्हयन्यात. चवथीक येय तवसर अळमी कुजान गेलेली. मी चुलीवर सुकवन, दोऱ्यात ओवन धाडी. थंय मुंबयच्या खोलयेत रांधी तोच. माझ्या हातचो तेंत फक्त दोरो."

प्रमिलेला हसूच फुटतं. इतकी वर्षं हा बाबा स्वतःच्याच स्वयंपाकाचं कौतुक करतोय आणि ती इथं जळून कोळसा होतेय!

"हसतंस काय?" शेवंतीचे डोळे भरून येतात. "ताजी अळमी, समोर बसान खाणारो घोव, ता सगळा तुका गावला. माका काय गावला? पोस्टमन."

आणि ती प्रमिलेच्या दंडाला नखं रुतवून असा करकचून चिमटा काढते की प्रमिला ओरडतच उठून बसते.

चूल विझलेली आहे. ओटीवरून हाक येते, "प्रमिला, चाय ठेव गो." पाठोपाठ नवरा दारात उभा राहतो, डोळे चोळत.

"शेवंतीच्या हातची ताजी अळमी तुमी कधी खाल्ल्यात?" प्रमिला विचारते.

"म्हणजे? दर चवथीक..." तो थांबतो. मे महिना आठवून बघतो, गणपती आठवून बघतो. दोन्हीकडे ताजी अळंबी काही सापडत नाही. मग त्याची नजर तिच्या दंडावर जाते. तिथं दोन नखांचा काळानिळा वळ उठलेला आहे.

"ह्यां काय? काय चावला?"

"सवत," प्रमिला म्हणते, आणि वळ नीट दिसावा म्हणून पदर मागे सारून चहाचं आधण ठेवते.