सायगावात तिघे घाबरट

मजेत झालेला प्रवास माणूस विसरून जातो. जिथं पोटात गोळा आला, तिथलं मात्र सगळं लक्षात राहतं आणि दर शुक्रवारी थोडं वाढतं! बहरीनच्या हूरा भागात इकबालभाईंच्या खोलीवर शुक्रवारच्या नमाजानंतर सुरमईचं कालवण असतं. हात धुवून झाले की कुणीतरी नवखा विचारतोच, "तुम्ही खरंच व्हिएतनामला गेला होतात?" खलास! संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

नव्वदीची सुरुवात होती. अस्करजवळच्या आमच्या कंपनीनं ॲल्युमिनियमच्या पट्ट्या काढणारं एक जुनं मशीन सायगावजवळच्या कारखान्याला विकलं. ते तिथं उभं करून द्यायला तिघांना पाठवलं. रत्नागिरीचे फोरमन इकबालभाई मुकादम, पुण्याचे इंजिनियर सहस्रबुद्धे, आणि इलेक्ट्रिकलचं बघणारा मी, देसाई. तिथली लढाई संपून कितीतरी वर्षं लोटली होती. आमच्या डोक्यात ती अजून चालूच होती.

* * *

गल्फमध्ये आपला पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतो. सहस्रबुद्ध्यांच्या हातात तो कैक महिन्यांनी आलेला. त्यांनी बनियनला आतून खिसा शिवून घेतला होता आणि वर सेफ्टी पिन!

हॉटेलातली रिसेप्शनवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "पासपोर्ट प्लीज. पोलिसात नोंद करायची. जाताना परत मिळेल."

"मफी पासपोर्ट!" घाबरून सहस्रबुद्धे अरबीतच 'नाही' म्हणाले.

शेवटी दिला, पण मुलीनं तो ज्या ड्रॉवरमध्ये ठेवला त्याच्याशेजारी स्टूल ओढून बसले. पोलिसांचा माणूस येईपर्यंत हलायला तयार नाहीत. दुपारपर्यंत दोन पाहुण्यांनी त्यांच्या हातात खोलीची किल्ली ठेवली आणि एका फ्रेंच बाईनं बॅग वर न्यायला सांगितली.

"मग काय केलंत?" आम्ही विचारलं.

"नेली! नाही म्हटलं असतं तर काउंटरवरून हाकललं असतं!"

* * *

सायगावच्या रस्त्याला सिग्नल फारसे नव्हते, आणि सायकली आणि मोटारसायकली थांबतच नव्हत्या. एका स्कूटरवर नवरा, बायको, दोन पोरं आणि मधोमध एक जिवंत डुक्कर. सगळे शांत. घाबरलेलो आम्हीच!

इकबालभाई लहानपणापासून दर्यावर गेलेले. ते म्हणाले, "वादळात होडी काढलीय मी. हा काय रस्ता!" आणि फुटपाथच्या कडेला जे उभे राहिले ते उभेच. पाय उचलेना.

तेवढ्यात टोपलीवाली एक म्हातारी आली. तिनं त्यांचा हात घट्ट धरला आणि सरळ त्या गर्दीत शिरली. इकबालभाईंनी डोळे मिटून कलमा म्हणायला सुरुवात केली. गाड्या दोन्ही बाजूंनी नदीसारख्या फुटत गेल्या. पलीकडे पोचल्यावर त्यांनी भरल्या डोळ्यांनी म्हातारीला सलाम केला.

म्हातारी काहीतरी बोलून निघून गेली. आमची दुभाषी लान मागून आली. पोरगी हसून हसून लाल झालेली.

"काय म्हणाली ती?" इकबालभाईंनी विचारलं.

"म्हणाली, उपकार झाले बाबा. मला नीट दिसत नाही!"

* * *

जेवणाचे हाल विचारू नका. इकबालभाईंना हलाल हवं, पण मासा तळायचा तोही डुकराच्या चरबीत. सहस्रबुद्ध्यांना शाकाहारी. आणि तिथं पालेभाजीवरसुद्धा माशाचं पाणी! दोघे केळी आणि पावावर जगत होते.

एके दिवशी लान बरोबर नव्हती. इकबालभाईंनी एका दुकानदाराला खूण करून विचारलं, "चाय? चाय?" तो खूश झाला आणि आम्हाला गल्लीत घेऊन गेला. गल्लीतून बोळात. बोळ इतका अरुंद की एकामागे एक चालावं लागलं. सहस्रबुद्धे पुटपुटले, "देसाई, माझं काही झालं तर घरी तुम्ही कळवा."

बोळाच्या टोकाला खानावळ. आजीबाईंनी बसवलं आणि समोर आणून ठेवला अख्खा मासा! खवल्यांसकट! शेजारी भाजलेल्या बदकाची तंगडी. आजीबाई डोक्याशी उभ्या. ऊठ म्हणायची कुणाची छाती?

सहस्रबुद्ध्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि घास घेतला. इकबालभाईंनीही माशाचाच तुकडा तोडला आणि ते थबकले. "अरे, ह्याला काटाच नाय!"

दुसऱ्या दिवशी लाननं सांगितलं, "चाय म्हणजे आमच्याकडे शाकाहारी. मासा सोयाबीनचा होता, बदकसुद्धा."

सहस्रबुद्ध्यांनी हातातलं केळं खाली ठेवलं. मग म्हणाले, "मी घास घेताना मनात आईची माफी मागितली होती. ती परत घेता येते का?"

* * *

हा किस्सा माझा. रविवारची सकाळ होती. हॉटेलखालच्या गल्लीत अचानक धडाधड आवाज सुरू झाले. काचा हादरल्या. मी कधी उठलो ते कळलंच नाही. भानावर आलो तेव्हा बाथरूममध्ये होतो. सहस्रबुद्धे माझ्याआधीच आत, आणि ओला टॉवेल दाराच्या फटीत कोंबत होते.

कुवेतच्या लढाईत बहरीनला आम्ही हेच करत होतो. सायरन झाला की खिडक्यांना चिकटपट्टी, दाराला ओला टॉवेल, आणि बायको-मुलीला घेऊन बाथरूममध्ये. हाताला तेवढंच ठाऊक होतं.

बाहेरून लान दार वाजवत होती. "सर, लग्न आहे! फटाके आहेत फक्त! फटाके!"

आम्ही उघडलं नाही. बहरीनला बाथरूममध्ये मुलीला मांडीवर घेऊन मी रोज हेच सांगायचो. "फटाके आहेत गं, फक्त फटाके!"

* * *

आता शेवटचा. हा इकबालभाई स्वतः कधीच सांगत नाहीत. ते भांडी आवरायला आत गेले की मी सांगतो.

मशीनच्या पायासाठी कारखान्यात खड्डा खणत होते. इकबालभाई माप बघायला खाली उतरले आणि त्यांच्या बुटाखाली काहीतरी खणकन वाजलं. मातीतून गंजलेल्या लोखंडाचा गोल भाग दिसत होता. खणणारे कामगार ओरडले आणि भराभर वर चढले. वरून त्यांचा म्होरक्या हात दाखवत राहिला. हलू नका! जुना तोफगोळा. पाय उचलला तर फुटेल की नाही, कुणालाच माहीत नव्हतं.

इकबालभाई एका पायावर भार देऊन उभे राहिले. मी आणि सहस्रबुद्धे काठावर होतो. "इकबालभाई, येतायत लोक, इंशाल्ला" एवढंच मी म्हणत राहिलो.

लष्करातला एक उतारवयाचा हवालदार आला. एका हाताला दोनच बोटं. तो खाली उतरला, इकबालभाईंच्या पायाशी पालथा पडला आणि बोटांनी माती काढू लागला. मान वर न करता लानशी काहीतरी बोलला. लान काठावर गुडघे टेकून बसली होती.

"इकबालभाई," ती म्हणाली, "खाली बघू नका. तो विचारतोय, घरी कोण कोण आहे?"

"बायको. दोन मुली."

"नावं काय त्यांची?"

"मोठी शबाना." इकबालभाई म्हणाले. "तिला दर्याची भीती वाटते. मी होडीत बसवली तर माझी मान सोडत नाय. धाकटी रुबिना. ती माझ्यासारखी. कुणाला ऐकत नाय."

लान खाली वाकून हवालदाराला सांगत होती. माती निघत होती. इकबालभाई शाळेचं, तापाचं, मुंबईहून नेलेल्या फ्रॉकचं, सगळं बोलत राहिले. मग हवालदारानं त्यांचा घोटा दोन्ही हातांनी धरला, हळूच बाजूला घेतला आणि ओरडला. आम्ही दोघांनी काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. गोळा ट्रकमधून नेला. फुटला नाही.

संध्याकाळी इकबालभाई लानला म्हणाले, "भला माणूस. अशा वेळी माझ्या पोरींची चौकशी करत होता."

लाननं मान हलवली. "त्यानं नाही विचारलं. तो फक्त म्हणाला, ह्याला बोलतं ठेव. मुलींचं मीच विचारलं. दुसरं काही सुचेना."

"मग मी सांगत होतो ते? तू तर त्याला सांगत होतीस."

"सांगत होते," लान म्हणाली. "धाकटीच्या नावापर्यंत. मग तो म्हणाला, आता मला नको सांगूस. पण त्याला थांबू देऊ नकोस."