बोडकी नानकटाई

हिंदुरावाच्या नानकटाईला कासारवाडीत बोडकी म्हणायचे, आणि म्हणणाऱ्यांना त्याची लाज नव्हती. हा माणूस खडकीला बेकरीत भट्टीवर कामाला होता. तिथून लष्करी इस्पितळासाठी हलकी बिस्किटं जायची. ती भाजता भाजता त्याला कळलं होतं की दिवाळी सगळ्यांची असते, पण फराळ सगळ्यांना पचत नाही. कुणाला संग्रहणी, कुणाला आम्लपित्त. घरात चकल्यांचे घाणे निघतायत आणि हे बिचारे कोपऱ्यात पेज पीत बसलेत. मग त्याने परसात मातीची भट्टी घातली आणि दर दिवाळीला अशा लोकांसाठी नानकटाई भाजू लागला. तांदळाचं पीठ, आरारूट, बेताचं तूप, चवीपुरती सुंठ. डालड्याला त्या भट्टीपाशी मज्जाव होता. वर चारोळीसुद्धा नाही, कारण दुखऱ्या पोटाला तीही टोचते.

चारोळी नाही म्हणून बोडकी. सणाच्या ताटात बोडकं काही नको, असं म्हणून आळीतल्या मंजुळाबाईने पहिल्याच वर्षी डबा परत पाठवला. म्हातारी पावसाळाभर मऊ भातावर होती, पण शकुन आडवा आला. हिंदुराव तोंड पाडून बसला. तेव्हा त्याची बायको शालनबाई उठली, वाटीत हळद कालवली आणि एकेका नानकटाईवर बोट टेकवलं.

"आता कोन बोडकी म्हनंल? हळद पोटालाबी बाधत न्हाई," ती म्हणाली.

डबा पुन्हा गेला आणि रिकामा होऊन आला. तेव्हापासून भाजणं त्याचं आणि हळदीचं बोट तिचं, असं ठरूनच गेलं.

पंचावन्न सालच्या दिवाळीत त्याच्या ध्यानात आलं की शालनबाई भट्टीतून काढलेल्या पत्र्यावरचा चुरा गोळा करून खाते. उभ्या उभ्या, भिंतीकडे तोंड करून. आजाऱ्यांच्या वाट्यावर कशाला गं डोळा, म्हणून तो तिला चिडवायचा आणि तीही हसायची. मनातून गडी फुगला होता. एवढ्या वर्षांनी बायकोला आपल्या हातची गोडी कळली, असं धरून चालला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गावाची पोटं ओळखणाऱ्याला घरातलं पोट दिसलं नाही.

भाऊबीजेला ती गोठ्यामागे ओकताना सापडली. तिच्या ताटातली भाकरी कधीपासून म्हशीच्या पुढ्यात जात होती. त्या चुऱ्यापलीकडे पोटात काही ठरतच नव्हतं. हिंदुराव तिला तिथल्या तिथे पुण्याला डॉक्टरकडे न्यायला निघाला. तिने त्याचं मनगट धरलं. लेकीचं, इंद्रायणीचं, खेडच्या एका घरात जमलं होतं आणि लग्न वैशाखात होतं.

"आईला पोटाचा रोग हाय म्हनल्यावर पोरीला कोन करून घेईल? येवढं लगीन होऊ द्या. मग न्या कुटंबी."

त्याने ऐकलं. इथेच चुकलं, आणि ते त्याला कधी कुणी सांगावं लागलं नाही. हिवाळाभर तो चोरून भट्टी पेटवत राहिला, तिच्यापुरतं भाजत राहिला. शेजाऱ्यांनी विचारलं तर बेकरीचं काम घरी आणलंय म्हणायचा. लग्न झालं. शालनबाई पंगतीत आग्रह करकरून वाढत होती. तिच्या स्वतःच्या तोंडात दिवसभर काही गेलं नाही, हे एकट्या हिंदुरावाला ठाऊक होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि इतके महिने काय करत होता, एवढंच विचारलं. जठरात गाठ होती, आणि आता कापून उपयोग नव्हता.

त्या दिवाळीला तिला चुराही जाईना. हिंदुरावाने नानकटाई कोमट पाण्यात कालवून तिच्या ओठाला लावली. तिने ती जिभेवर धरली, चव घेतली आणि बाहेर काढली. रडू त्याला फुटलं, तिला नाही. तिने हळदीची वाटी मागितली. हात उचलवत नव्हता, म्हणून तिचं बोट त्याने धरलं, हळदीत बुडवलं आणि एकेका नानकटाईवर टेकवत गेला. पत्रा संपला तेव्हा ती म्हणाली, "फुडल्या वर्साला कोन लावंल वं?"

तुळशीच्या लग्नाला शालनबाई नव्हती.

पुढच्या वर्षी भट्टी पेटवायची नाही असं त्याने ठरवलं होतं, पण मंजुळाबाई स्वतः तांदळाचं पीठ घेऊन दारात उभी राहिली. म्हातारीला नाही कसं म्हणणार? त्याने भाजल्या. मग हळद कालवली, तीत बोट बुडवलं आणि तसाच बसून राहिला. शेवटी बोट धोतराला पुसलं. नानकटाया बोडक्याच गेल्या. मंजुळाबाईने त्या पदरात घेतल्या, कपाळाला लावल्या आणि निघून गेली. शकुनाचं तिने नाव काढलं नाही.

पत्र्यावर चुरा राहिला होता. हिंदुरावाने तो गोळा केला आणि उभ्या उभ्या, भिंतीकडे तोंड करून, तोंडात टाकला. या माणसाने जन्मात कधी पोटाची तक्रार केली नव्हती, दगड खाल्ला तरी पचवला असता. तेवढा चुरा मात्र काही केल्या त्याच्या घशाखाली उतरेना.